मधली रेघ

१९७९ सालापर्यंत टेनेसी राज्यातल्या हायस्कूलच्या मुली बास्केटबॉल खेळायच्या, पण अर्ध्याच मैदानात. संघात पाचऐवजी सहा जणी असत. तिघींनी फक्त बास्केट करायचं, तिघींनी फक्त अडवायचं, आणि मैदानाच्या मधोमध जी रेघ असते ती ओलांडायला सहाही जणींना बंदी. बचाव करणाऱ्या मुलीने चेंडू हिसकावला, तर तो रेघेपर्यंत आणायचा, पलीकडच्या मैत्रिणीकडे फेकायचा आणि मग पलीकडे काय चाललंय ते बघत उभं राहायचं. हायस्कूलची सगळी वर्षं जीव तोडून खेळूनही या मुलींच्या नावावर एक गुण लागत नसे.

हा नियम कुणा दुष्ट माणसाने केला नव्हता. १८९१ साली मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डला जेम्स नेस्मिथने बास्केटबॉल शोधून काढला, आणि जवळच नॉर्थॅम्प्टनच्या स्मिथ कॉलेजात सेंडा बेरेन्सन नावाच्या व्यायामशिक्षिकेने तो लगेच आपल्या मुलींना शिकवला. बेरेन्सन लिथुआनियातून लहानपणी अमेरिकेत आलेली, ज्यू कुटुंबातली. म्हणजे आपल्यासारखीच बाहेरून आलेली. तिने मैदानाचे तीन भाग केले, प्रत्येकीला आपापल्या भागात ठेवलं, चेंडू हिसकावायला मनाई केली आणि तो किती वेळ हातात ठेवायचा यालाही मर्यादा घातली. मुलींना धाप लागू नये, धक्काबुक्की होऊ नये, आणि मुख्य म्हणजे कुणी 'हे काय बाईमाणसाला शोभतं का' असं म्हणू नये. १८९३ साली स्मिथ कॉलेजात पहिला सामना झाला तेव्हा पुरुष प्रेक्षकांना दार बंद होतं. मला वाटतं, त्या काळात एवढी तडजोड केली नसती तर मुलींच्या हातात चेंडूच पडला नसता. पण तात्पुरती म्हणून घातलेली कुंपणं फार चिवट असतात. तीन भागांचे पुढे दोन झाले, आणि ती मधली रेघ काही राज्यांत शंभर वर्षं टिकली. आयोवात ती १९९३ साली पुसली गेली, ओक्लाहोमात १९९५ साली.

टेनेसीत ती पुसायला ज्यांचा हात लागला, त्यांत पॅट समिट होती. अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलचा विषय निघाला की तिचं नाव आकड्यांसकट येतं: टेनेसी विद्यापीठात ३८ मोसम, १,०९८ विजय, २०८ पराभव, आठ राष्ट्रीय विजेतेपदं. एकही मोसम असा नाही की ज्यात पराभव विजयांपेक्षा जास्त झाले. हे आकडे मोठेच आहेत. पण ते पाठ करून तिच्याबद्दल फारसं कळत नाही, म्हणून मी जरा दुसऱ्या टोकाने सुरुवात केली. आणि एक सांगून ठेवतो: तिच्या खेळाडू तिला 'कोच' न म्हणता सरळ 'पॅट' म्हणत. पहिल्या वर्षी तिच्यात आणि संघातल्या काही मुलींत एखाद्याच वर्षाचं अंतर होतं, आणि ती सवय पुढे तशीच राहिली. तेव्हा मीही तिला अहो-जाहो करत बसत नाही.

पॅट्रिशिया सू हेड हिचा जन्म १४ जून १९५२ चा, टेनेसीतल्या क्लार्क्सव्हिलचा. घरी तिला ट्रिश म्हणत. वडील रिचर्ड हेड, आई हेझल. तंबाखूची शेती, दुभती जनावरं, आणि अंगावर कायम काम. थोरले तीन भाऊ, मग ही, मग धाकटी बहीण. गोठ्यावरच्या गवताच्या माळ्यावर भावांनी बास्केट टांगलं होतं. दिवसभराची कामं उरकली की रात्री दिव्याच्या उजेडात दोघं-दोघं खेळायचे आणि चौथा भिडू म्हणून हिला घ्यायचे. मुलगी म्हणून कुणी हळू ढकलत नसे. वडील बोलायला कमी आणि शिस्तीला कडक. शेतातलं काम अंगावर टाकायचं आणि ते पुरं व्हायलाच हवं. शाळेला दांडी नाही, हाही त्या घरचा नियम. वडिलांनी तिला पहिल्यांदा मिठी मारली तेव्हा ती ४३ वर्षांची होती, असं ती सांगायची.

पण याच माणसाने मुलीसाठी एक गोष्ट केली. क्लार्क्सव्हिलच्या हायस्कूलला मुलींचा संघ नव्हता. शेजारच्या चीटम काउंटीतल्या शाळेला होता. तेव्हा हेड कुटुंबाने बिऱ्हाड हलवलं आणि हेनरिएटाला राहायला गेलं. मुलाच्या शिक्षणासाठी गाव सोडणारे आईबाप आपल्याला नवे नाहीत, आपल्यातल्या कितीकांची घरं अशीच उठली. पण साठीच्या दशकात, तंबाखू पिकवणाऱ्या शेतकऱ्याने, मुलीच्या खेळासाठी घर हलवावं! तिथे पॅट खेळली तोही अर्ध्या मैदानाचाच खेळ.

पुढे ती टेनेसी विद्यापीठाच्या मार्टिन इथल्या शाखेत गेली. भावांना खेळाच्या शिष्यवृत्त्या मिळाल्या होत्या, पण मुलींना खेळासाठी शिष्यवृत्ती अशी गोष्टच नव्हती. तिची फी आईवडिलांनी भरली. ती कॉलेजात असतानाच १९७१ साली कॉलेजच्या मुलींसाठी पाच जणींचा, पूर्ण मैदानाचा खेळ अधिकृत झाला. आणि पुढच्याच वर्षी, २३ जून १९७२ ला, अध्यक्ष निक्सन यांनी एका शिक्षणविषयक कायद्यावर सही केली. त्यातलं एक कलम इंग्रजीत जेमतेम ३७ शब्दांचं आहे. सरकारी पैसा घेणाऱ्या कुठल्याही शिक्षणसंस्थेत स्त्री-पुरुष म्हणून भेदभाव करता येणार नाही, एवढंच ते म्हणतं. हेच 'टायटल नाइन'. ते रेटणाऱ्यांत हवाईच्या खासदार पॅट्सी मिंक होत्या, जपानी वंशाच्या. त्यांना स्वतःला बाई म्हणून वैद्यकीय शिक्षणाची दारं बंद झालेली होती. गंमत अशी, की त्या ३७ शब्दांत खेळाचा उल्लेखही नाही. कलम मंजूर झालं तेव्हा त्याचा अर्थ मैदानापर्यंत जाईल असं फारसं कुणाच्या डोक्यात नव्हतं. तो तिथपर्यंत गेला तो नंतरच्या नियमांमुळे, खटल्यांमुळे आणि काही हट्टी बायांमुळे.

१९७४ च्या जानेवारीत, कॉलेजच्या शेवटच्या वर्षात, पॅटचा गुडघा गेला. त्या काळी अशी दुखापत म्हणजे खेळ संपला असंच धरत. डॉक्टरही फार आशा देत नव्हते. रिचर्ड हेड यांनी डॉक्टरांना सांगितलं, गुडघा नीट करा, पोरीला ऑलिंपिकला जायचंय. आणि गाडीत बसताना ते तिला म्हणाले, हा डॉक्टर वेडा आहे. म्हणजे ती तसं सांगायची. त्या वेळेपर्यंत ऑलिंपिकमध्ये बायकांचं बास्केटबॉल एकदाही झालेलं नव्हतं. ते पहिल्यांदा १९७६ साली होणार होतं.

त्याच वर्षी नॉक्सव्हिलच्या मुख्य टेनेसी विद्यापीठात तिला सहायक म्हणून जागा मिळाली. ती रुजू व्हायच्या आतच मुख्य प्रशिक्षिका रजेवर गेल्या आणि २२ वर्षांची पॅट हेड मुख्य प्रशिक्षक झाली. तिने त्याआधी कधी एकाही सामन्याला संघ उभा केलेला नव्हता. मानधन महिन्याला २५० डॉलर. काम काय? संघाला शिकवायचं, व्यायामशिक्षणाचे वर्ग घ्यायचे, स्वतःच्या पदव्युत्तर अभ्यासाचे पेपर लिहायचे, सामन्याला जाताना व्हॅन चालवायची, आल्यावर मुलींचे गणवेश धुवायचे, आणि उरलेल्या वेळात ऑलिंपिकसाठी गुडघा सावरायचा. गणवेश आदल्या वर्षी मुलींनी डोनट विकून जमवलेल्या पैशांचे होते. एकदा परगावी हॉटेलला पैसे नव्हते म्हणून संघ प्रतिस्पर्धी कॉलेजच्या व्यायामशाळेत सतरंज्या पसरून झोपला. पहिला सामना ७ डिसेंबर १९७४ ला, मर्सर विद्यापीठाविरुद्ध. बघायला मूठभर माणसं. एका गुणाने हरले, ८४–८३. मोसम संपेपर्यंत मात्र १६ विजय आणि ८ पराभव.

दोन वर्षांनी माँट्रियलच्या ऑलिंपिकला ती खरंच गेली. वयाने संघातली सर्वांत मोठी, २४ वर्षांची, आणि दोन कर्णधारांपैकी एक. त्या संघातली ल्युसिया हॅरिस, मिसिसिपीतल्या कृष्णवर्णीय शेतमजूर कुटुंबातली मुलगी, हिने ऑलिंपिकच्या इतिहासातली स्त्रियांच्या बास्केटबॉलची पहिली बास्केट केली. अमेरिका पहिलाच सामना जपानकडून हरली, हे आज कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. सोव्हिएत संघाने तर ११२–७७ असं चिरडलं. त्यांच्याकडे सात फूट उंचीची उल्याना सेम्योनोव्हा होती. तरी रौप्यपदक मिळालं. सोव्हिएत मुली लहानपणापासून सरकारी खर्चाने तयार होत होत्या. अमेरिकेच्या मुली डोनट विकून.

पदक घेऊन ती नॉक्सव्हिलला परतली, आणि त्याच सुमाराला तिथल्या फेडरल कोर्टात एक खटला उभा राहिला. माझ्या मते तिच्या कारकिर्दीतला हा प्रसंग विजेतेपदांच्याही आधी सांगायला हवा, पण तो सहसा तळटिपेत जातो. ओक रिज इथल्या हायस्कूलमधली एक मुलगी बचावफळीत खेळायची. चांगली खेळायची. पण तिला कॉलेजची शिष्यवृत्ती मिळण्याची शक्यता शून्य होती, कारण तिने सामन्यात कधी बास्केटच केलेलं नव्हतं. नियमच तसा होता. मुलगे पाच जण पूर्ण मैदानात खेळतात, मग मुलींना निम्मं का, असं विचारत तिने राज्याच्या शालेय क्रीडा संघटनेला कोर्टात खेचलं.

संघटनेची उत्तरं वाचण्यासारखी आहेत. सहा जणींच्या खेळात जास्त मुलींना संधी मिळते. ज्यांचं कौशल्य जरा कमी, त्यांनाही बचावात खपवता येतं. गुण जास्त होतात, प्रेक्षकांना आवडतं, तिकिटं खपतात. यातलं काही खोटंही नव्हतं. खेड्यापाड्यांत त्या सामन्यांना तोबा गर्दी व्हायची, आणि तो खेळ खेळलेल्या अनेक बायका अजूनही त्याच्या आठवणी प्रेमाने काढतात. प्रश्न एवढाच होता, की हेच फायदे मुलग्यांच्या बाबतीत कुणाला कधी का सुचले नाहीत.

पॅट हेड मुलीच्या बाजूने साक्षीला उभी राहिली. राज्यातल्या शाळा, त्यांचे प्रशिक्षक, मुख्याध्यापक, यांच्याच जिवावर तिला संघ बांधायचा होता. त्यांना दुखवणं म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा. वय २४, नोकरी दोन वर्षांची. पण तिला अर्धं मैदान आणि पूर्ण मैदान दोन्ही पायांखालून माहीत होतं, आणि ऑलिंपिकमध्ये जगाने काय अंतर कापलंय तेही नुकतंच दिसलं होतं. नॉक्सव्हिलच्या न्यायाधीशांनी १९७६ च्या अखेरीला मुलीच्या बाजूने निकाल दिला. पुढच्याच वर्षी वरच्या कोर्टाने तो फिरवला. म्हणजे कायद्याच्या हिशेबात मुलगी हरली.

मग पॅटने दुसरा मार्ग धरला. राज्यातल्या शाळा नियम बदलणार नसतील तर मी टेनेसीतल्या मुली घेणार नाही, बाहेरच्या राज्यांतून आणीन, असं तिने जाहीर केलं. एव्हाना तिच्या संघाचं नाव झालं होतं आणि त्यात आपल्या गावची मुलगी असावी असं प्रत्येक गावाला वाटू लागलं होतं. १९७९ साली संघटनेने नियम बदलला. कोर्टाला जे जमलं नाही ते या धमकीने झालं असं मी म्हणणार नाही, अनेक गोष्टी एकत्र आल्या. पण त्या मोसमापासून टेनेसीतल्या मुली पूर्ण मैदानात धावू लागल्या.

एक गोष्ट इथे मध्येच सांगायला हवी, नाहीतर पुढचं चित्र फार गोड दिसेल. आज ज्या एनसीएएच्या नावाने मार्चभर इथल्या ऑफिसांत पैजा लागतात, तिने सत्तरच्या दशकात टायटल नाइन खेळाला लागू होऊ नये म्हणून वॉशिंग्टनमध्ये जोर लावला होता. मुलींच्या स्पर्धा तेव्हा एआयएडब्ल्यू ही बायकांनी चालवलेली वेगळी संघटना घ्यायची. कायदा हटत नाही असं दिसल्यावर १९८१-८२ च्या मोसमात एनसीएएने स्वतःच मुलींच्या स्पर्धा सुरू केल्या आणि ती बायकांची संघटना वर्षभरात बंद पडली. पैसा आला, टीव्ही आला, मुलींच्या संघांच्या प्रशिक्षकांना बरे पगार मिळू लागले. आणि पगार बरे झाल्यावर त्या जागांवर पुरुष येऊ लागले. १९७२ साली मुलींच्या कॉलेज संघांच्या प्रशिक्षकांत ९० टक्क्यांहून जास्त स्त्रिया होत्या. आज निम्म्याहूनही कमी आहेत. मुलग्यांच्या संघांवर स्त्री प्रशिक्षक मात्र अजूनही शोधाव्या लागतात.

पॅटला स्वतःला मुलग्यांच्या संघाबद्दल विचारलं गेलं होतं, एकदा नाही, दोनदा, १९९४ आणि २००१ साली. दोन्ही वेळा तिने नाही म्हटलं. ही बढती आहे असं लोकांना का वाटतं, असं तिने उलट विचारलं. ही नम्रता नव्हती. तिच्या हिशेबात ती ज्या जागी होती ती जागा लहान नव्हतीच. २००६ साली ती वर्षाला दहा लाख डॉलरच्या वर मानधन घेणारी मुलींच्या बास्केटबॉलमधली पहिली प्रशिक्षक झाली. २५० डॉलर महिना ते इथपर्यंत, एकाच विद्यापीठात.

विजेतेपदं लवकर आली नाहीत. १९८० आणि ८१ साली अंतिम सामना हरली, १९८४ साली पुन्हा. त्याच उन्हाळ्यात लॉस एंजेलिसला तिच्या मार्गदर्शनाखाली अमेरिकेने ऑलिंपिक सुवर्ण जिंकलं. सोव्हिएत संघ बहिष्कारामुळे आलाच नव्हता, त्यामुळे आठ वर्षांपूर्वीचा हिशेब तसाच राहिला. मोठा सामना हिला जिंकता येत नाही, असं बोललं जायचं. १९८७ साली ऑस्टिनला लुइझियाना टेकला ६७–४४ असं हरवून ते तोंड बंद झालं. मग १९८९, १९९१, आणि १९९६-९७-९८ लागोपाठ तीन. १९९६ साली जिंकल्यावरच वडिलांची ती मिठी मिळाली. १९९७ चा संघ दहा सामने हरून विजेता ठरला. १९९८ चा एकही हरला नाही, ३९ पैकी ३९. त्या मोसमात कनेटिकटविरुद्धचा सामना बघायला नॉक्सव्हिलच्या स्टेडियममध्ये २४,५९७ माणसं होती.

१९९० सालची गोष्ट तिच्या स्वभावासाठी सांगतो. त्या वर्षी अंतिम चार संघांची फेरी नॉक्सव्हिललाच होती, आणि नेमकं त्याआधी व्हर्जिनियाने टेनेसीला जादा वेळेत हरवून बाहेर काढलं. घरच्या लग्नात आपल्यालाच आमंत्रण नसावं तशातली गत. सप्टेंबरात नऊ महिन्यांची गरोदर पॅट एका खेळाडूला भेटायला पेनसिल्व्हेनियात गेली. तिथेच कळा सुरू झाल्या. परतीच्या छोट्या विमानात वैमानिक म्हणाले, व्हर्जिनियात उतरू या. तिने साफ नकार दिला. बाळ जन्मलं तर टेनेसीत, व्हर्जिनियात नाही. मुलगा टायलर नॉक्सव्हिललाच झाला. पुढच्या मार्चमध्ये अंतिम सामन्यात समोर व्हर्जिनियाच होती, तीही जादा वेळेत, आणि या खेपेला टेनेसी ७०–६७ अशी जिंकली. व्हर्जिनियाच्या त्या संघात डॉन स्टॅली होती. ती आज साउथ कॅरोलायनाची प्रशिक्षक म्हणून स्वतःच एक पर्व आहे.

तिची नजर प्रसिद्ध होती. निळे डोळे, पापणी न लवता. खेळाडू सांगतात, ओरडणं परवडायचं, ते बघणं नको वाटायचं. पण आपल्या वाचकांना, विशेषतः ज्यांच्या मुली इथे शाळेच्या संघातून खेळतात आणि घरी 'खेळ की अभ्यास' हा खटका दर आठवड्याला उडतो त्यांना, मी तिचे वर्गाचे नियम सांगेन. तिच्या खेळाडूने वर्गात पहिल्या तीन रांगांतच बसायचं. तास बुडवायचा नाही. बुडवला तर सामना नाही, मग ती संघातली सर्वांत चांगली खेळाडू का असेना. तिच्याकडे खेळण्याची मुदत पूर्ण केलेल्या प्रत्येक मुलीने पदवी घेतली. एकूण एक. कॉलेजच्या खेळात, जिथे मुलं पैशासाठी अर्ध्यावर शिक्षण सोडतात, तिथे हा आकडा मला १,०९८ पेक्षा कठीण वाटतो. आपल्यातल्या बऱ्याच आईबापांना खेळ हा अर्जात लिहायला एक ओळ म्हणून हवा असतो. तिला तो तसा नको होता आणि अभ्यासही सबबीसारखा नको होता.

टमिका कॅचिंग्ज १९९७ साली तिच्याकडे आली. जन्मापासून ऐकायला कमी येणारी. लहानपणी चिडवतात म्हणून तिने श्रवणयंत्र रागाने फेकून दिलं होतं आणि ओठ वाचून, पुढचं ओळखून ती खेळत आली होती. पॅटने तिला बसवून सांगितलं, यंत्र पुन्हा लाव; तुझ्याकडे बघून दुसऱ्या कुणाला तरी बळ येईल. तिने ऐकलं. पुढे तिने चार ऑलिंपिक सुवर्णपदकं मिळवली.

चौदा वर्षांनी हाच सल्ला पॅटवर उलटला. २०११ च्या उन्हाळ्यात, वयाच्या ५८-५९ व्या वर्षी, मेयो क्लिनिकमध्ये तिला अल्झायमर असल्याचं निदान झालं. काही महिन्यांपासून तिला सामन्यातले डाव ऐन वेळी आठवेनात, भेटीगाठी विसरायला होऊ लागलं. सुरुवातीला तिला ते खरं वाटेना. मग २३ ऑगस्टला तिने स्वतःच जगाला सांगितलं. आपल्या घरांत या आजाराला अजूनही 'वयोमानानुसार विसरतात थोडं' म्हणून झाकतात. पुण्या-मुंबईत एकटे राहणारे आईवडील आणि इथून फोनवर अंदाज बांधणारी आपण मुलं, आपल्याला तर झाकणं फारच सोपं. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'अस्तु'मधला विसरत चाललेला संस्कृत पंडित ज्यांनी पाहिलाय, त्यांना यातला पेच वेगळा सांगायला नको. पॅटचा पेच आणखी वेगळा होता. तिची सगळी नोकरीच क्षणात निर्णय घेण्याची. वकिलांचा सावध सल्ला मानायचा तर गप्प राहून निवृत्त होणं सोयीचं होतं. विद्यापीठाने मात्र तू आमची प्रशिक्षक आहेस आणि राहशील असं सांगितलं, आणि ती आणखी एक मोसम बाकावर बसली. प्रत्यक्ष बरेच निर्णय होली वॉर्लिक घ्यायची, तिची एके काळची खेळाडू आणि २७ वर्षांची सहायक. त्या मोसमात २७ सामने जिंकले, ९ हरले. अंतिम चारच्या उंबरठ्यावर बेलरने थांबवलं. एप्रिल २०१२ मध्ये ती पायउतार झाली. त्याच वर्षी अध्यक्ष ओबामांनी तिला देशाचा सर्वोच्च नागरी सन्मान दिला.

कनेटिकटचे जिनो ऑरिएमा आणि तिचं हाडवैर होतं. २००७ नंतर तिने त्यांच्याशी वार्षिक सामना खेळणंच बंद केलं होतं. तिच्या नावाने अल्झायमरसाठी निधी सुरू झाला तेव्हा दहा हजार डॉलरचा चेक पाठवणाऱ्या पहिल्या काही माणसांत ते होते.

२८ जून २०१६ ला नॉक्सव्हिलला ती गेली. वय ६४.

१,०९८ चा विक्रम आता तिच्या नावावर नाही. डिसेंबर २०२० मध्ये स्टॅनफर्डच्या टारा व्हॅनडर्व्हीर यांनी तो मोडला. पॅटपेक्षा वर्षभराने लहान असलेल्या टारा हायस्कूलला असताना त्यांच्या शाळेत मुलींचा संघच नव्हता, अर्धं मैदान सोडाच. कॅलिफोर्नियातल्या स्टॉकटनला पॅसिफिक विद्यापीठाविरुद्धचा तो सामना करोनाच्या दिवसांत झाला. प्रेक्षकांना आत सोडलेलं नव्हतं. मुलींनी आपल्या प्रशिक्षिकेला एक जाकीट आणलं होतं, ते रिकाम्या खुर्च्यांसमोर तिच्या अंगावर चढवलं आणि मग संघ बसकडे निघाला.